माशाची नाडी

आमच्या आईने आयुष्यात मासा कधी शिजवला नाही, की खाल्ला नाही. तरीदेखील आमच्या घरातल्या माशांचा पहिला आजार ओळखला तो तिनेच, मी नव्हे. एके दिवशी संध्याकाळी कचेरीतून येऊन मी चहाचा कप हाती घेतो न घेतो तोच ती म्हणाली, "अरे, तो तुझा निळा मासा रुसलाय की काय? कालपासून भिंतीकडे तोंड करून उभा आहे. आणि काळवंडलाय बघ किती!"

मी काचपेटीकडे पाहिल्यासारखे केले, "आई, मासे कधी रुसतात का?" असे म्हणालो आणि वर्तमानपत्र उघडले. या एका वाक्याची किंमत मला पुढे तीन मासे देऊन मोजावी लागली.

ते मासे साधेसुधे नव्हते, डिस्कस होते. डिस्कस म्हणजे थाळीफेकीतली थाळी, आणि नाव अगदी सार्थ. बाजूने पाहिला तर हा मासा ताटलीसारखा वाटोळा, आणि समोरून पाहिला तर वहीच्या पुठ्ठ्यासारखा चपटा. पूर्ण वाढला की वीतभर होतो. निळा, तांबडा, पिवळा असे त्याचे रंग. आणि चाल अशी की, लग्नघरात वरमाय निघाली आहे! लहानपणी वडिलांचे बोट धरून मी तारापोरवाला मत्स्यालयात जात असे. मरीन ड्राइव्हवरचे ते मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले होते. तेव्हापासून माझ्या मनात काचपेटीचे वेड घर करून राहिले होते. ते फळाला आले पन्नाशीच्या उंबरठ्यावर. एका दिवाळीच्या बोनसात मी सहा डिस्कस घेऊन दादरच्या घरी आलो. सौ.ने त्या पैशात कपाट घ्यायचे योजले होते. ती एवढेच म्हणाली, "कपाटाला निदान आजार होत नसतात." पुढे हे वाक्य मला वारंवार आठवले.

काळ्या नदीचा पाहुणा

या माशाचे माहेर दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉनच्या खोऱ्यात. योहान नाटेरर नावाचा ऑस्ट्रियन निसर्गसंशोधक १८१७ ते १८३५ अशी अठरा वर्षे ब्राझीलच्या जंगलांतून हिंडला. त्याने व्हिएन्नाला धाडलेल्या संग्रहात हा मासा होता, आणि त्यावरून हेकेल या शास्त्रज्ञाने १८४० साली त्याचे वर्णन करून त्याला सिम्फिसोडॉन डिस्कस हे नाव दिले. रिओ निग्रो, म्हणजे काळी नदी, हे त्याचे एक ठिकाण. कुजलेल्या पानांमुळे तिचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. ते ऊबदार असते, त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि ते आम्लधर्मी असते. अशा पाण्यात पडलेल्या झाडांच्या फांद्यामुळांतून हा चपटा जीव सहज सरकत असतो.

आज आपल्याला मिळणारे डिस्कस बहुधा मत्स्यशाळांत जन्मलेले असतात. ते आपल्या नळाच्या पाण्याशी बरेच जुळवून घेतात. पण त्यांना २८ ते ३० अंश सेल्सिअसची ऊब हवी, आणि पाणी अत्यंत स्वच्छ हवे. येथेच खरी मेख आहे. पाणी जितके ऊन, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. त्यात घाण वाढली, तर या राजस पाहुण्याचा जीव पहिल्यांदा गुदमरतो.

तीन बळी

आता त्या निळ्या माशाकडे वळू. माझे सहा मासे सुखात असताना एका दुकानात मला एक लालभडक सातवा दिसला. तो मी त्याच दिवशी आणला आणि पिशवी उघडून थेट पेटीत सोडला. नवी सून आली की दोन दिवस तिला बुजरेपणा वाटायचाच, असे समजून मी त्याच्याकडे विशेष लक्ष दिले नाही. त्याच्या विष्ठेचे पांढरे, दोऱ्यासारखे धागे लोंबत होते. तेही पाहून न पाहिल्यासारखे केले. दहा-बारा दिवसांनी निळा मासा 'रुसला'.

आईच्या बोलण्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याने अन्न सोडले. मग मात्र माझे धाबे दणाणले. एका मित्राने फोनवर सांगितले, "टेट्रासायक्लिन घाल." दुकानदाराने एक निळे औषध दिले. कोठेतरी वाचले होते की, मीठ उत्तम. मी काय करावे? तिन्ही घातले, एकाच रात्री! सकाळी पाण्यावर तांबूस फेस आला होता. तिसऱ्या दिवशी सगळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे वासू लागले, आणि त्या रात्रीपर्यंत तीन गेले. निळा त्यांत पहिला. धाकटी मुलगी रात्री जेवली नाही. सौ. मला एका शब्दानेही बोलली नाही, आणि तेच मला अधिक लागले.

पुढच्या रविवारी कुर्ल्याच्या माशांच्या बाजारात एका वृद्ध गृहस्थांची गाठ पडली. त्यांनी सगळी हकिकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "साहेब, तुमचे मासे रोगाने मेले नाहीत, औषधाने मेले."

पाणी हाच पहिला रोगी

त्यांनी मला जे समजावून दिले, ते प्रत्येक मत्स्यप्रेमी कुटुंबाने भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतो. हे जहाल विष आहे. फिल्टरच्या स्पंजात वस्ती करणारे सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पैकी पहिली दोन विषारी, तिसरे त्या मानाने सौम्य. ते पाणी बदलले की जाते. ही जंतूंची वस्ती नव्या पेटीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ओतलेल्या औषधांनी रोगजंतू मेले की नाही देव जाणे. पण हे उपकारी जंतू मात्र मेले, आणि मासे स्वतःच्याच विषात गुदमरले.

म्हणून मासा आजारी दिसला की औषधाच्या बाटलीला हात लावण्यापूर्वी पाणी तपासावे. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे थेंब दुकानांत मिळतात. दोन्हींचे माप शून्य असले पाहिजे. नसेल, तर पेटीतले एकतृतीयांश ते निम्मे पाणी तेवढ्याच ऊबेच्या ताज्या पाण्याने बदलावे आणि खाणे बंद ठेवावे. निम्मे 'आजार' येथेच बरे होतात. मात्र नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि ते कल्ल्यांना जाळते. पाणी दिवसभर उघडे ठेवून हवा खेळवावी, अथवा जुन्या छायाचित्रकारांच्या ओळखीचा 'हायपो', म्हणजे सोडियम थायोसल्फेट, वापरावा. दुकानांत मिळणाऱ्या क्लोरीनविरोधी थेंबांत बहुधा तोच असतो.

रंग, विष्ठा आणि श्वास

वैद्य नाडी पाहतो. माशाची नाडी कोठे पाहायची? तीन जागी: रंगात, विष्ठेत आणि श्वासात.

डिस्कसच्या अंगावर मूळचे नऊ उभे पट्टे असतात. मासा सुखी असला की ते फिकट होतात. घाबरला, कण्हू लागला की गडद होतात आणि सारे अंगच काळवंडते. काही मिनिटांचा काळेपणा भीतीचाही असू शकतो. दिवसभर टिकला तर मात्र तो दुखण्याचा. एक अपवाद ध्यानात ठेवावा. 'पिजन ब्लड' नावाची थायलंडमध्ये निपजलेली जात १९९० नंतरच्या काळात लोकप्रिय झाली. तिला हे पट्टेच नसतात. त्यामुळे तिच्या बाबतीत अंगावरचे मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके वाढले का, आणि मासा कोपरा धरून आहे का, हे पाहावे.

विष्ठा काळसर-तपकिरी आणि भरीव असावी. पांढरी, पारदर्शक, दोऱ्यासारखी लोंबणारी विष्ठा ही आतड्याच्या तक्रारीची खूण. आणि श्वास? घड्याळ घेऊन कल्ल्यांची उघडझाप एका मिनिटात किती वेळा होते, ते मोजावे. मासा निरोगी असतानाच मोजून लिहून ठेवावे, म्हणजे पुढे तुलना करता येते. आमच्या धाकटीने यासाठी एक वही घातली. प्रत्येक माशाचे नाव, आणि नावापुढे दर रविवारचा आकडा. आरंभी मी हसलो होतो. या वहीने पुढे काय केले ते सांगतोच.

डोक्यातली भोके

उरलेल्या चार माशांपैकी दोघांची विष्ठा पांढरी होती, आणि एकाच्या कपाळावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसू लागले होते. थोरल्या मुलीच्या महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक होता. तिने ताज्या विष्ठेचा कण काचपट्टीवर घेऊन ४०० पट मोठा करून पाहिला, तो त्यात शेकडो जीव विजेसारखे पळत होते! हे स्पायरोन्यूक्लियस, जुन्या पुस्तकांत यांनाच 'हेक्सामिटा' म्हणतात. आठ शेपट्यांच्या जोरावर पोहणारे हे एकपेशीय प्राणी थोड्या संख्येने निरोगी माशाच्या आतड्यातही असू शकतात. मासा घाणीने, गर्दीने, प्रवासाने खचला की ते माजतात. मग मासा अन्न तोंडात घेतो आणि थुंकतो, कपाळ सुरीसारखे धारदार होते, आणि पुढे डोक्याला खड्डे पडतात. खड्ड्यांना निकृष्ट आहार आणि वाईट पाणी यांचाही हातभार लागतो.

यावरचा उपाय आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यातही कधी सापडेल. आपल्याला आमांश झाला की डॉक्टर जी मेट्रोनिडाझोलची गोळी देतात, तीच. आजारी मासा वेगळ्या पेटीत घ्यावा. दर ४० लिटर पाण्याला सुमारे २५० मिलिग्रॅम औषध विरघळवून घालावे; दुसऱ्या दिवशी निम्मे पाणी बदलून पुन्हा औषध; असे चार-पाच दिवस. मासा खात असेल तर औषध अन्नातून देणे अधिक गुणकारी, कारण रोग आतड्यात आहे. ऊब ३२ अंशांपर्यंत हळूहळू वाढवावी आणि हवेचे बुडबुडे भरपूर सोडावेत. शक्य तेथे पशुवैद्याचा सल्ला घ्यावाच. आमचे चारही मासे वाचले. खड्डे भरून आले, पण एकाच्या कपाळावर देवीच्या व्रणासारखी खूण राहिली. त्याचे नाव आईने 'तुकतुक्या' ठेवले होते. ते तेवढ्यापुरते चुकलेच!

एकच कल्ला हलतो आहे?

वर्षभराने, श्रावणातल्या एका रविवारी, धाकटी वही घेऊन आली. "बाबा, तुकतुक्याचा आकडा दीडपट झालाय. आणि तो एकाच बाजूने श्वास घेतोय." खरोखरच, एक कल्ला मिटलेला, दुसरा भराभर उघडझाप करणारा. मधूनच तो फिल्टरच्या नळीवर अंग घाशी आणि दचकल्यासारखा पळे. मात्र रंग अजून छान होता आणि तो खातही होता. वही नसती तर मला आणखी आठवडाभर काही कळले नसते.

या वेळी मी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. आधी पाणी तपासले. ते स्वच्छ निघाले. म्हणजे हे कल्ल्यातले कृमी, आकड्यांनी चिकटून राहणारे. त्यांच्यावर प्राझिक्वांटेल हे औषध चालते. कुत्र्यांच्या पट्टकृमींवर देतात तेच. एका लिटर पाण्याला २ मिलिग्रॅम हे त्याचे प्रचलित प्रमाण. पण खुबी पुढेच आहे. हे कृमी अंडी घालतात आणि अंड्यांवर औषधाचा प्रभाव पडत नाही. म्हणून आठवड्याने, अंडी फुटून पिले बाहेर आल्यावर, औषध पुन्हा द्यावे लागते. बहुतेक लोक पहिल्या मात्रेनंतर मासा हसताना पाहून थांबतात, आणि महिन्याने पुन्हा रडतात. आम्ही तीन रविवार मोजून औषध दिले. चौथ्या रविवारी वहीतला आकडा मूळ पदावर आला.

पोटातले गोल जंत हे आणखी एक दुखणे. मासा भरपूर खातो, पण अंगी लागत नाही. तेथे गुरांना देतात ते लेव्हामिसोल किंवा फेनबेंडाझोल उपयोगी पडते. प्रमाण मात्र जाणत्याला विचारूनच घ्यावे.

ठिपके, कुजलेले पर आणि साथ

अंगावर रव्याचे दाणे पसरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो 'इक'. डिस्कसच्या ऊन पाण्यात हा क्वचित दिसतो. हीटर बिघडला की डोके वर काढतो. ठिपक्यातला परजीवी कातडीखाली दडलेला असतो, तेथे औषध पोचत नाही. तो गळून तळाशी जातो, त्याची शेकडो पिले होतात, आणि ती नवा मासा शोधत पोहतात. या पोहण्याच्या एक-दोन दिवसांतच ती मारता येतात. म्हणून ऊब ३१-३२ अंशांवर नेऊन चक्राला गती द्यावी, तळ रोज साफ करावा, आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही उपचार आठवडाभर चालू ठेवावा.

परांच्या कडा पांढऱ्या होऊन झिजू लागल्या तर ते बहुधा घाणेरड्या पाण्याचे आणि भांडणातल्या जखमांचे फळ. रोज पाणी बदलावे आणि एका लिटरला १ ते २ ग्रॅम खडेमीठ घालावे. आरंभीच लक्ष गेले तर एवढ्यानेही भागते.

सर्वांत भयंकर ती साथ. १९८० नंतरच्या दशकात तिने कित्येक देशांतल्या डिस्कसप्रेमींच्या पेट्या ओस पाडल्या. मासे काळे पडतात, अंगावर बुळबुळीत थर सुटतो, सगळे एका कोपऱ्यात कळपाने उभे राहतात. ती येते नव्या माशाबरोबर. आला दिवस तसा काढत, रोज भरपूर पाणी बदलावे, प्रकाश मंद ठेवावा, आणि त्या पेटीतली जाळी-बादली दुसरीकडे चुकूनही नेऊ नये.

विलगीकरण आणि दिवाळी

यातून निघणारे सार एकच: नवा मासा किमान चार आठवडे वेगळ्या पेटीत ठेवावा. त्याची जाळी वेगळी, नळी वेगळी. माझ्या सातव्या माशाला एक प्लॅस्टिकचा टब मिळाला असता, तर तीन जीव वाचले असते. तसेच नाल्यातले जिवंत लाल किडे खायला घालू नयेत. त्यांच्याबरोबर रोग येतात. परदेशी पुस्तकांत बैलाच्या काळजाचा खिमा सांगितलेला असतो. आमच्या घरी त्याचे नावही काढण्याची सोय नव्हती. सोललेली कोळंबी बारीक करून गोठवून ठेवतो, तीही स्वतंत्र डब्यात, स्वतंत्र सुरीने, आणि आई देवदर्शनाला गेली असताना!

दिवाळीच्या दिवसांत दोन गोष्टी आवर्जून सांभाळाव्यात. घरझाडीत झुरळ-डासांचे फवारे मारताना पेटी झाकावी आणि हवेचा पंप बंद न करता तो त्या खोलीतून दूर ठेवावा. ती द्रव्ये माशांना अगदी थोडक्यातही घातक असतात. दुसरे, गावी जाताना शेजाऱ्यांच्या हाती खाण्याचा डबा देऊ नये. शेजारी प्रेमळ असतात, आणि प्रेमाने मूठभर घालतात. मोठे निरोगी मासे चार दिवस उपाशी सहज राहतात. सडलेल्या खाण्याच्या अमोनियात मात्र राहत नाहीत.

अंगावर पिणारी पिले

त्याच वर्षी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तुकतुक्या आणि त्याची जोडीदारीण एका मातीच्या उभ्या कुंडीला तोंडाने घासू लागली. दोन दिवसांत तिथे अंडी दिसली. पुढे अडीच-तीन दिवसांनी ती फुटली, आणि वसुबारसेच्या सकाळी धूलिकणांएवढी पिले पोहू लागली. पाहतो तो सगळी जाऊन आईबापांच्या अंगाला चिकटली!

हेच या माशाचे नवल. पिले वाढवण्याच्या दिवसांत नर आणि मादी दोघांच्याही कातडीतून पोषक स्राव पाझरतो आणि पिले तो टिपतात. हिल्डेमन या शास्त्रज्ञाने १९५९ साली याचे वर्णन केले. पुढच्या संशोधनात त्या स्रावात प्रथिने आणि रोगप्रतिकारक द्रव्येही आढळली. एक थकला की अंगाला झटका देतो, आणि सगळी पिले दुसऱ्याकडे जातात. तीन आठवड्यांनी आईबाप हळूहळू दूर पळू लागतात आणि पिले बाहेरचे खाऊ लागतात.

मी हे सारे शास्त्र आईला समजावून सांगणार होतो. ती पेटीसमोर खुर्ची ओढून बसली होती. चष्मा काचेला टेकवून तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "अरे, अंगावर पितात की रे ही! बापाच्यासुद्धा!" मग तिने सौ.ला हाक मारली. सौ. करंज्यांचे पीठ हाताला असताना तशीच आली. कपाटाचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

पिलांतली चौदा जगली. कपाट पुढच्या दिवाळीत आले. आणि मी संध्याकाळी घरी आलो की आधी पेटीसमोर पाच मिनिटे उभा राहतो, आईला विचारतो, "आज कोणी रुसलंय का?" आणि मगच वर्तमानपत्र उघडतो.